शेततळ्यातील मासे कधी आणि कसे काढावेत? जळगाव-धुळे भागासाठी मार्गदर्शन

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत केळी, डाळिंब, पपई, भाजीपाला अशा पिकांसाठी पन्नी टाकलेली शेततळी गेल्या काही वर्षांत खूप झाली. त्यातील बऱ्याच तळ्यांत आता मत्स्यबीज सोडले जाते. बीज कोणते घ्यावे, खाद्य किती द्यावे, याची माहिती शेतकरी आवर्जून विचारतात. मासे काढायचे कधी, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा एप्रिल संपताना, तळ्यात छातीएवढे पाणी उरल्यावर येतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो. नुकसान होते ते वाढ कमी पडल्यामुळे नव्हे. तयार झालेला माल एका पहाटेत मरतो, किंवा घाईने एका दिवसात काढून मिळेल त्या भावाने द्यावा लागतो.

समुद्रात किंवा गिरणा, हतनूर, वाघूर, अक्कलपाडा यांसारख्या धरणांत मासेमारी कधी करायची हे हंगाम आणि नियम ठरवतात. राज्याच्या किनारपट्टीवर १ जूनपासून पावसाळी बंदी लागते. धरणातील मासेमारीचा हक्क ठेका घेतलेल्या सहकारी संस्थेकडे असतो, त्यांच्या परवानगीशिवाय तिथे जाळे टाकू नये. शेततळे तुमचे स्वतःचे असते, बंदी नसते. पण तिथेही मासेमारीची तारीख तुमच्या हातात नसते. ती तुमची केळी ठरवते. तळे बांधले ते पिकाला पाणी देण्यासाठी, आणि ज्या महिन्यात पिकाला सर्वाधिक पाणी लागते त्याच महिन्यात माशांनाही सर्वाधिक पाणी लागते. म्हणून बीज सोडतानाच काढणीची तारीख वहीत लिहून ठेवावी. ती कशी काढायची ते आधी पाहू.

पाण्याचा हिशेब

३० मीटर × ३० मीटर × ३ मीटर आकाराचे तळे घेऊ. बाजूंचा उतार दीडास एक धरला तर तळाशी २१ × २१ मीटर जागा राहते आणि काठोकाठ भरल्यावर त्यात सुमारे १,९७० घनमीटर, म्हणजे जवळपास २० लाख लिटर पाणी मावते. खोली ३ मीटरवरून २ मीटरवर आली की पाणी सुमारे ११.५ लाख लिटर उरते. खोली १ मीटर झाली की उरते फक्त ५ लाख लिटर. काठावर उभे राहून पाहिले तर पाणी एक तृतीयांश राहिल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात ते एक चतुर्थांश असते. उतारामुळे होणारी ही फसगत नीट लक्षात घ्यावी.

आता खर्च. एक एकर केळीत १.५ × १.५ मीटर अंतरावर सुमारे १,८०० झाडे बसतात. एप्रिल-मेच्या उन्हात मोठ्या झाडाला ठिबकने रोज २०-२५ लिटर पाणी लागते. म्हणजे दिवसाला सुमारे ४० हजार लिटर. बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटर धरले (आपल्याकडे मे महिन्यात ते याहून जास्तही होते), तर भरलेल्या तळ्यातून आणखी ९ हजार लिटर जातात. विहीर किंवा बोअरची भर थांबली असेल तर रोज ४९ हजार लिटर घट. या वेगाने भरलेले तळे सुमारे ३० दिवसांत १ मीटरवर येते. दोन एकर केळी त्यावर असेल तर सोळा-सतरा दिवसांत.

हा हिशेब तुमच्या तळ्याच्या मापाने, तुमच्या झाडांच्या संख्येने करून पाहा. पाणी उपसा सुरू होण्याची तारीख तुम्हाला अनुभवाने माहीत असते. त्यात दिवस मिळवले की पाणी १ मीटरवर येण्याची तारीख मिळते. मोठे मासे त्याच्या किमान दहा दिवस आधी तळ्याबाहेर असले पाहिजेत. तळ्यावरच उन्हाळी सिंचन करणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांसाठी ही तारीख आखाजीच्या आधी येते. आखाजी उशिरा, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आली असेल तर तिची वाट पाहू नये.

१ मीटर ही मर्यादा का?

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सातच्या आत. कटला, रोहू, मृगळ यांना ५ मिलिग्रॅमच्या वर चांगले चालते. ३ मिलिग्रॅमच्या खाली ते खाणे सोडतात, त्याहून खाली गेले की मरू लागतात.

याच आकड्यांवरून पूर्ण तळ्यातील साठा काढला तर चित्र स्पष्ट होते. भरलेल्या तळ्यात ३० अंशांच्या पाण्यात सुमारे १५ किलो प्राणवायू मावतो. १ मीटर खोलीवर, ३३ अंशांच्या पाण्यात मावतो साडेतीन किलो. मासे तेवढेच, उलट आणखी वाढलेले. शिवाय रात्री पाण्यातील हिरवे शेवाळ प्राणवायू तयार करीत नाही, स्वतःच वापरते. म्हणून दिवसा सगळे ठीक दिसते आणि पहाटे चार ते सहाच्या दरम्यान घात होतो. पाणी जितके गडद हिरवे, तितका पहाटेचा धोका जास्त. ढगाळ, वारा पडलेल्या दिवसानंतरची रात्र सर्वांत वाईट.

पन्नीच्या तळ्यात आणखी एक अडचण असते. मातीचा तळ नसल्यामुळे विष्ठा आणि उरलेले खाद्य मातीत मुरत नाही, तळाशी साचते आणि कुजते. पाणी कमी होत गेले की हा गाळ आणि अमोनिया थोड्या पाण्यात एकवटतो. मातीच्या जुन्या गावतळ्यात मासे मेमध्ये तग धरतात, मग आपल्याच तळ्यात का मेले, असे विचारणाऱ्यांना उत्तर बहुधा इथे सापडते.

किती मासे, केव्हा तयार होतात

वरच्या मापाच्या तळ्यात, हवा देणारे यंत्र नसेल तर १० सेंटिमीटरची सुमारे ५०० बोटुकली पुरेशी. दुकानदार किंवा बीज विक्रेता दोन हजार सोडायला सांगतो, ऐकू नये. जास्त सोडलेले मासे पावशेराचेच राहतात आणि पावशेराचा मासा बाजारात कोणी विचारत नाही. ऑगस्टमध्ये तळे भरल्यावर मोठी बोटुकली सोडली, खाद्य नियमित दिले, तर एप्रिलपर्यंत साधारण अर्धा ते एक किलोचे मासे मिळतात. मध्ये डिसेंबर-जानेवारीत वाढ जवळजवळ थांबते. धुळ्याकडे थंडी कडक असते, पाणी २० अंशांच्या खाली गेले की या जातींची भूक मंदावते, त्या दिवसांत खाद्य वाया घालवू नये. रूपचंद ही जात याच कारणाने आपल्याकडे जोखमीची आहे, थंडीच्या लाटेत ती टिकत नाही. विदेशी मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्याच्या पालनावर बंदी आहे. कोणी बीज स्वस्तात देत असेल तरी घेऊ नये.

कधी कधी तांबोशीबद्दल विचारणा होते. कोकणात खाडीत पिंजऱ्यात तांबोशी वाढवतात, पर्यटक होडीतून गळ टाकून ती धरतात, हे व्हिडिओ पाहून हा प्रश्न येतो. तांबोशी हा समुद्राचा आणि खाडीचा मांसाहारी मासा आहे. त्याचे बी किनाऱ्यावरच मिळते, खाद्याला प्रथिने भरपूर लागतात. खानदेशातील शेततळ्यात त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

समजा ५०० पैकी ४०० मासे जगले आणि सरासरी वजन ७०० ग्रॅम भरले, तर तळ्यात २८० किलो माल आहे. ९०० चौरस मीटर पाण्यात हवा न देता एवढे वजन सांभाळणे ही जवळपास वरची मर्यादा आहे. पाण्याचा पृष्ठभाग उतरत उतरत २४ × २४ मीटर, म्हणजे ५७६ चौरस मीटर झाला की तेच २८० किलो धोक्यात येतात. यावरून काढणी एकदम न करता टप्प्याटप्प्याने का करायची हे कळेल.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नये. दर महिन्याला फेकजाळ्याने वीस-पंचवीस मासे धरून, बादलीत पाणी घेऊन तोलावे आणि सोडून द्यावे. हे काम सकाळी लवकर करावे. फेब्रुवारीनंतर दुपारी कधीही करू नये.

टप्प्याटप्प्याने काढणी

पहिला फेरा फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला घ्यावा. थंडी सरून मासे पुन्हा खाऊ लागलेले असतात, पाणी अजून भरपूर असते. या वेळी ७००-८०० ग्रॅमच्या वरचे मासे काढावेत. त्यात कटला जास्त निघेल, कारण तो वरच्या थरात चरतो आणि जाळ्यात आधी सापडतो. मोठे मासे निघाले की लहानांना जागा आणि खाद्य मिळते, मार्च महिन्यात त्यांची वाढ वेगाने होते. दुसरा फेरा मार्चअखेर, तिसरा एप्रिलच्या मध्यावर. शेवटचा फेरा वर काढलेल्या तारखेच्या आत.

टप्प्यांचा दुसरा फायदा विक्रीत आहे. २८० किलो मासा एका दिवशी काढला तर तो तुम्हाला एकाच व्यापाऱ्याला द्यावा लागतो आणि भाव तो ठरवतो. ६०-७० किलो काढला तर तळ्याच्या काठावर, गावात आणि जवळच्या आठवडे बाजारात संपतो. जिवंत किंवा नुकताच काढलेला मासा घ्यायला लोक तळ्यावर येतात. आदल्या दिवशी गावाच्या ग्रुपवर निरोप टाकला तरी पुरते.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांनी इथे एक काम जरूर करावे. एका गावात पंधरा-वीस तळ्यांत मासे असतील तर सर्वांची केळी एकाच वेळी पाणी मागते, सर्वांची तळी एकाच आठवड्यात उतरतात आणि सगळा माल त्याच आठवड्यात बाजारात येतो. फेब्रुवारीतच या शेतकऱ्यांची यादी करून फेऱ्यांच्या तारखा वाटून दिल्या तर भाव टिकतो. एकच जाळे, एकच माणसांची टोळी सर्वांना वापरता येते, मजुरीही वाचते.

आखाडात माशाला मागणी चांगली असते, समुद्रातील मासेमारीही तेव्हा बंद असते, म्हणून थोडे मासे जुलैपर्यंत ठेवावे असा विचार काही जण करतात. तळ्यातून सिंचन होत नसेल किंवा विहिरीची भर खात्रीची असेल तरच हे करावे, आणि तेही पन्नास-साठ माशांपुरते. मी पाहिलेल्या अशा प्रयत्नांपैकी निम्मे मेच्या शेवटच्या आठवड्यात संपले.

जाळे, पन्नी आणि माणसे

पन्नीच्या तळ्यात धरणातील जाळे जसेच्या तसे वापरता येत नाही. खालच्या दोराला शिशाचे मणी असतात, ते ओढताना पन्नीला ओरखडे पाडतात. एक बारीक छिद्र उन्हाळ्यात तळे रिकामे करायला पुरेसे असते. त्याऐवजी ओढजाळ्याच्या खालच्या दोरावर कापडाची लांब पिशवी शिवून त्यात धुतलेली बारीक वाळू भरावी. वजन मिळते, पन्नीला धक्का लागत नाही. जाळ्याची लांबी तळ्याच्या रुंदीच्या दीडपट, उंचीही पाण्याच्या खोलीच्या दीडपट असावी. जाळे ताणून ओढले तर मासे खालून निसटतात; पोटासारखा बाक ठेवून, दोन्ही काठांवरून सारख्या गतीने, हळू ओढावे.

पहिल्या ओढीत सर्व मासे सापडतील अशी अपेक्षा ठेवू नये. रोहू आणि चंदेरा जाळ्यावरून उडी मारतात. मृगळ आणि सायप्रिनस तळाला दबून खालून निघून जातात. त्यासाठी जाळ्याच्या वरच्या कडेला एक-दीड हात जाळी हातांनी उचलून धरणारी दोन माणसे हवीत. सलग तीनपेक्षा जास्त ओढी घेऊ नयेत. प्रत्येक ओढीत तळाचा गाळ ढवळला जातो, पाणी गढूळ होते आणि तळ्यात राहिलेल्या माशांना त्याचा त्रास होतो. उडणाऱ्या माशांसाठी अडकजाळे रात्री लावून पहाटे काढण्याची पद्धत आहे, पण अडकलेला मासा गरम पाण्यात तासा-दोन तासांत मरून मऊ पडतो. लावायचेच असेल तर पहाटे लावून तासाभरात काढावे.

धरणावर मासेमारी करणारे भोई, कोळी, भिल्ल समाजातील अनुभवी लोक मजुरीने किंवा वाट्याने हे काम करतात. त्यांची हातोटी विकत मिळत नाही, जरूर बोलवावे. मजुरी की वाटा, वाटा किती, लहान मासा कोणाचा, हे आधीच बोलून घ्यावे. त्यांचे जाळे तुमच्या तळ्यात उतरण्याआधी दिवसभर कडक उन्हात वाळवलेले असावे. ओल्या जाळ्याबरोबर दुसऱ्या पाण्यातील माशांच्या उवा आणि रोग तुमच्या तळ्यात येतात.

आता माणसांच्या सुरक्षिततेविषयी, आणि हा भाग वगळून पुढे जाऊ नका. पन्नीचा उतार ओला झाला, त्यावर शेवाळाचा थर चढला की पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. हाताला धरायला काहीच नसते. शेततळ्यात बुडून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो, त्यात एकाला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर काठावरील खांबाला पक्के बांधून पाण्यात सोडलेले असावेत. ट्रॅक्टरच्या हवा भरलेल्या दोन ट्यूब काठावर तयार ठेवाव्यात. पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, त्याचे दुसरे टोक वरच्या माणसाच्या हातात. अंगावर तरंगजाकीट असेल तर उत्तम. एकट्याने जाळे टाकायला जाऊ नये, रात्री तर नाहीच. पाय जाळ्यात गुंतला तर अर्ध्या मिनिटात प्रसंग ओढवतो, म्हणून एक धारदार विळा काठावर हाताशी असावा. कुंपण आणि कुलूप असलेले फाटक हा खर्च जाळ्याच्या आधीचा आहे.

काढल्यानंतरचे दोन तास

काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. रिकाम्या पोटाचा मासा जास्त वेळ टिकतो. काम पहाटे उजाडताच सुरू करून आठच्या आत संपवावे. बर्फ आदल्या संध्याकाळी आणून भुशात किंवा थर्माकोलच्या पेटीत ठेवावा. मासे काढून झाल्यावर बर्फ आणायला भुसावळ किंवा दोंडाईच्याला गाडी पाठवणारे शेतकरी मी पाहिले आहेत, गाडी परत येईपर्यंत माशांच्या कल्ल्यांचा लाल रंग उतरलेला असतो.

एक किलो माशाला एक किलो बर्फ हे प्रमाण हिवाळ्यात चालते. एप्रिल-मेमध्ये दीड किलो धरावे. बर्फ बारीक फोडलेला असावा. मोठे तुकडे माशाला टोचतात आणि मध्ये हवा राहते. खाली बर्फ, वर माशांचा एक थर, पुन्हा बर्फ, असे भरून वर बर्फच ठेवावा. पेटीच्या तळाला पाणी जायला छिद्र हवे, वितळलेल्या पाण्यात मासा बुडून राहिला तर तो फुगतो आणि चव जाते. मासे आधी स्वच्छ विहिरीच्या पाण्याने धुवावेत, तळ्याच्या हिरव्या पाण्याने नाही.

हौशी मासेमारी ठेवायची असेल तर

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. तेव्हापासून काही शेतकरी पाहुण्यांना तळ्यावर गळ टाकून मासे धरू देतात आणि त्याचे पैसे घेतात. चार-पाच गळ, कणीक आणि शेंगदाणा पेंडीचे गोळे, एवढ्या भांडवलावर हा उपक्रम चालतो. नोव्हेंबर ते मार्च हा त्याचा काळ. पाहुण्यांना पन्नीच्या उतारावर उतरू देऊ नये, काठाला लाकडी किंवा लोखंडी फळी घट्ट बसवून कठडा करावा आणि तिथूनच गळ टाकायला सांगावे. गळाचा काटा उलट्या दाताशिवायचा घ्यावा. माशाचे तोंड फाटत नाही आणि पोराच्या बोटात रुतला तर निघतो. पाहुण्यांचा गळ पन्नीत अडकला तर ओढू नये, दोरी कापून टाकावी व पाणी उतरल्यावर काटा काढावा.

धरलेला मासा परत सोडायचा की नाही, यावर वाद होतो. परदेशात भाड्याच्या होड्यांतून खोल समुद्रात लाल तांबोशी धरायला लोक जातात, तिथेही हाच प्रश्न आहे: खोलातून झपाट्याने वर आणलेल्या माशाचा वाताशय फुगतो आणि लहान म्हणून सोडलेला मासा पाण्यावर तरंगत मरतो. त्यामुळे तिथे वजन लावलेल्या दोरीने मासा पुन्हा खोल नेऊन सोडतात. आपले तळे तीन मीटरचे, तो त्रास इथे नाही. इथे घात करते ते तापलेले पाणी. थकलेल्या माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि मार्चनंतरच्या पाण्यात तो मिळत नाही. म्हणून थंडीच्या दिवसांत ओल्या हातांनी धरून लगेच सोडला तर चालेल. मार्चनंतर गळाला लागलेला मासा पाहुण्याने तोलून विकत घ्यावा, असाच नियम ठेवावा.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर

ही वेळ आली तर पुढचा अर्धा तास महत्त्वाचा आहे. खाद्य त्या क्षणापासून बंद. ठिबकचा पंप सुरू करून तळ्याचेच पाणी पाइपने उंचावरून, फवाऱ्यासारखे पुन्हा तळ्यात पाडावे. पाइपच्या तोंडाला छिद्रांची पत्री डबी बांधली तरी काम होते. विहिरीचे ताजे पाणी मिळत असेल तर तेही उंचावरूनच सोडावे, कारण खोल विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात मुळात प्राणवायू कमी असतो. नळी तळाशी सोडली तर उलटा परिणाम होतो. सूर्य वर येऊन मासे खाली जाईपर्यंत पंप बंद करू नये. लोडशेडिंगच्या गावात डिझेल पंप किंवा जनरेटर हाताशी नसेल तर तळ्यात एवढे मासे ठेवूच नयेत. त्याच दिवशी संध्याकाळी निम्मे मासे काढण्याची तयारी करावी. एकदा वर आलेले मासे दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येतात.

सगळ्या जातींचे, लहान-मोठे मासे भर दुपारी मेलेले दिसले तर मात्र कारण वेगळे समजावे. मोठे मासे आधी आणि पहाटे मेले तर प्राणवायू. एकदम सगळे, वेळ-काळ न पाहता मेले तर विषबाधेचा संशय घ्यावा. सायपरमेथ्रीनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांसाठी अत्यंत विषारी आहेत, कपाशीवरच्या फवारणीचा वाऱ्याने आलेला अंशही पुरतो. फवारणी पंप तळ्यात बुडवून भरणे, खताची टाकी तळ्यावर धुणे, ठिबकची आम्ल प्रक्रिया केल्यावर ते पाणी तळ्याकडे काढणे, या सवयी पूर्ण बंद कराव्यात. व्हेंच्युरीतून खत सोडताना पंप बंद पडला तर खताचे पाणी उलटे तळ्यात येते, तिथे उलट-प्रतिबंधक झडप बसवावी. विषबाधेचा संशय असलेला मासा विकू नये, खाऊ नये, जनावरांनाही घालू नये. चुना टाकून खोल पुरावा.

तळे रिकामे झाल्यावर

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याआधीपासून किसान क्रेडिट कार्डाची सोय मत्स्यपालनालाही लागू आहे. जाळे, हवा देणारे यंत्र किंवा कुंपण घ्यायचे असेल तर चालू योजनांची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी. बीजाची मागणीही तिथे जूनमध्येच नोंदवावी, ऑगस्टमध्ये गेल्यावर मोठी बोटुकली शिल्लक नसते. पालच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा धुळ्याच्या केंद्रात जाताना तळ्याचे माप आणि मागच्या वर्षीच्या पाणी उपशाच्या तारखा सोबत घेऊन जावे.

शेवटचे पाणी उपसले की तळाचा काळा गाळ दोन दिवस सुकू द्यावा. पूर्ण वाळला तर पन्नीवर घट्ट बसतो, म्हणून भुरभुरीत होताच लाकडी फळीने, फावड्याने नव्हे, गोळा करावा. हा गाळ केळीच्या बुंध्याला चांगला लागतो. पन्नी धुऊन झाली की उन्हात तिच्यावरून अनवाणी पायांनी चालत ओरखडे, छिद्रे शोधावीत. चप्पल घालून कळत नाही. जिथे जाळे ओढले त्या दोन बाजू आधी तपासाव्यात. सापडलेल्या जागेवर खडूने गोल करून ठेवावा आणि पहिल्या पावसाआधी तेवढे तुकडे जोडून घ्यावेत.